गरम वाऱ्यावरचे सॉसेज

बीड जिल्ह्याच्या स्वयंपाकघरात मांस रांधण्याच्या रीती पिढ्यान् पिढ्या ठरलेल्या आहेत. मटणाचा रस्सा, सुके, खिमा, वजडी, मुंडी, पाये आणि जोडीला ज्वारीची भाकरी. आतड्याच्या नळीत खिमा भरून तयार केलेले सॉसेज या यादीत सहसा नसते. मात्र पुण्या-मुंबईत नोकरी करणारी मुले सुटीत घरी परततात, तेव्हा त्यांच्या सामानात कधी ‘एअर फ्रायर’ नावाची पेटी असते, तर कधी थर्मोकोलच्या डब्यात गोठविलेल्या सॉसेजची पाकिटे असतात. त्यातल्याच एका प्रकारावर ‘ब्राटवुर्स्ट’ असे जर्मन नाव छापलेले असते. पेटीत सॉसेज ठेवायचे, कळ फिरवायची आणि घंटी वाजली की काढून घ्यायचे, एवढे हे काम सोपे वाटते. प्रत्यक्षात पहिल्याच खेपेला कुणाचे सॉसेज फुटून कोरडे होते, तर कुणाचे बाहेरून खरपूस आणि आतून कच्चे राहते. पहिल्यात फक्त चव बिघडते, दुसऱ्यात प्रकृती बिघडू शकते. हे टाळायचे तर नळीच्या आत काय असते आणि पेटीच्या आत काय घडते, या दोन्ही गोष्टी समजून घ्याव्या लागतात.

नळीतला खिमा

‘ब्राटवुर्स्ट’ या शब्दाचा अर्थ ‘भाजायचे सॉसेज’ असा असावा, असे जर्मन भाषेची तोंडओळख असणाऱ्यालाही वाटते. कारण त्या भाषेत भाजण्या-तळण्यासाठी ‘ब्राटन’ असे क्रियापद आहे. परंतु नावातला पहिला भाग बारीक चिरलेल्या मांसासाठी असलेल्या एका जुन्या शब्दावरून आला आहे. म्हणजे हे मुळात ‘खिम्याचे सॉसेज’. थुरिंगिया प्रांतातील आर्नस्टाट या गावी एका जोगिणींच्या मठाच्या हिशेबात १४०४ साली ब्राटवुर्स्टसाठी आतडी विकत घेतल्याच्या खर्चाची नोंद आहे. न्यूरेंबर्ग शहराचे ब्राटवुर्स्ट जेमतेम ७ ते ९ सेंटिमीटर लांब आणि २० ते २५ ग्रॅम वजनाचे असते. ते त्या शहरातच बनले पाहिजे, असे संरक्षण युरोपीय संघाने त्याला २००३ साली दिले. बीडच्या सीताफळाला २०१६ साली मिळालेले भौगोलिक मानांकन ज्या जातीचे आहे, त्याच जातीचे हे संरक्षण होय.

जर्मनीत ब्राटवुर्स्ट बहुधा डुकराच्या मांसाचे, कधी त्यात वासराचे मांस मिसळून करतात. भारतातील दुकानांत मिळणारी सॉसेज बव्हंशी कोंबडीची असतात. मांस कोणतेही असो, घडण एकच. बारीक केलेल्या मांसात पाव हिश्श्याच्या आसपास चरबी आणि शेकडा दीड ते दोन या प्रमाणात मीठ असते. हे मीठ केवळ चवीसाठी नसते. मीठ घालून खिमा मळला की मांसातील प्रथिने सुटी होऊन चिकट बनतात. शिजताना त्यांचेच जाळे तयार होते आणि ते पाणी व चरबी धरून ठेवते. सॉसेजचा चावा लुसलुशीत लागतो तो या जाळ्यामुळे. वरचे आवरण म्हणजे धुऊन साफ केलेले आतडे किंवा जनावराच्या कातड्यातील ‘कोलॅजेन’ या प्रथिनापासून केलेली नळी. तापल्यावर हे आवरण आक्रसते आणि आतला ऐवज फुगतो. उष्णता एकदम दिली तर आवरण फाटते, चरबी व रस वाहून जातात आणि हाती कोरडा चोथा उरतो.

उन्हाचे मांस, थंडीचे मांस

सॉसेज हा उंची खाद्यपदार्थ म्हणून आज आपल्याकडे येत असला, तरी त्याचा जन्म काटकसरीतून झाला. जनावर कापल्यावर मोठे तुकडे निघून गेले की उरलेले कातरण, चरबी आणि आतडी वाया जाऊ नयेत, म्हणून ही युक्ती निघाली. उरलेले मांस टिकवायचे कसे, हे मात्र त्या त्या मुलखाच्या हवेने ठरविले. जर्मनीत जनावर कापण्याचा हंगाम थंडीचा. बाहेरची हवाच शीतकपाटाचे काम करी, आणि पुढे धूर देऊन मांस टिकवीत. गोव्याची हवा दमट. तेथे पोर्तुगीजांच्या सहवासाने रुळलेल्या ‘चोरीस’मध्ये डुकराच्या मांसाला मीठ, व्हिनेगर, लाल मिरची आणि लसूण यांचे पुट चढते. नंतर ते उन्हात वा धुरावर सुकवून माळेसारखे ओवतात. पावसाळ्यापूर्वी घरात भरून ठेवायच्या ‘पुरुमेंता’त या माळांना मानाचे स्थान असे.

मराठवाड्याची हवा या दोन्हींहून निराळी. बालाघाटच्या डोंगररांगांत चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो आणि वाराही कोरडा असतो. येथे थंडी नाही, व्हिनेगरही नाही. आहे ते ऊन. साहजिकच या भागात मांस टिकविण्याची रीत वाळवणाची पडली. मांसाच्या लांबट, पातळ पट्ट्या कापून त्या दोरीवर उन्हात वाळवायच्या, याच ‘चान्या’. गरजेला त्या निखाऱ्यावर भाजायच्या किंवा रश्श्यात शिजवायच्या. मराठवाड्यातील दलित समाजाच्या या खाद्यसंस्कृतीची तपशीलवार नोंद शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात केली. त्याचा इंग्रजी अनुवाद २०२४ मध्ये आला. त्याच २०१५ साली राज्यातील गोवंश हत्याबंदी बैल आणि वळूंनाही लागू झाली आणि त्या मांसाच्या चान्यांची वाट बंद झाली.

चान्या आणि सॉसेज यांचे मूळ एकच आहे. दोन्ही गरजेतून आले आणि दोन्हींत काही वाया न घालविण्याची दृष्टी आहे. फरक पडला तो प्रतिष्ठेत. थुरिंगियाच्या मठातील आतड्यांचा हिशेब तेथे अभिमानाने सांगितला जातो. चान्या खाणाऱ्यांच्या वाट्याला मात्र येथे दीर्घकाळ अवहेलनाच आली. शहरातून आलेले सॉसेज कौतुकाने ताटात घेताना एवढी जाण ठेवायला हरकत नाही.

पेटीतला वारा

चान्या वाळविणाऱ्या उन्हाचा आणि ‘एअर फ्रायर’चा संबंध वरवर वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. एअर फ्रायर म्हणजे वास्तविक छोटी भट्टी. डच संशोधक फ्रेड व्हॅन डर वेई यांच्या कल्पनेवर आधारलेले हे यंत्र ‘फिलिप्स’ कंपनीने २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आणले. पेटीच्या माथ्याला विजेवर तापणारी तार असते, तिच्यावर वेगाने फिरणारा पंखा असतो आणि खाली भोकाभोकांची टोपली. पंखा तापलेली हवा टोपलीवर झोताने सोडतो, ती पदार्थाभोवती फिरून पुन्हा वर जाते. नावात ‘तळणे’ असले तरी तळण्याची क्रिया येथे होत नाही. जे होते ते भाजणे.

तेल आणि हवा यांच्या उष्णता देण्यात मोठी तफावत आहे. १८० अंशांच्या भट्टीत क्षणभर हात घातला तर झळ लागते. तितक्याच तापलेल्या तेलात बोट बुडाले तर क्षणात भाजते. तपमान एकच, पण तेल उष्णता कितीतरी वेगाने देते. भडभुंज्या हरभरे तापलेल्या वाळूत टाकतो तेही याचसाठी. वाळूचा कण दाण्याला चिकटून उष्णता देतो. स्थिर हवेला ते जमत नाही. हवेची ही कमतरता पंखा काही अंशी भरून काढतो.

पंख्याचे दुसरे काम याहून महत्त्वाचे. कोणत्याही ओल्या पदार्थाभोवती दमट हवेचा पातळ थर असतो. गच्चीवर कुरडया आणि पापड वाळत घालणाऱ्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते, की नुसते ऊन असून भागत नाही. वारा असेल त्या दिवशी वाळवण लवकर होते. कारण वारा तो दमट थर उडवून लावतो. एअर फ्रायरमध्ये हेच घडते. सॉसेजची कातडी ओली आहे तोवर तिचे तपमान १०० अंशांच्या वर फारसे जात नाही, कारण उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. कातडी सुकली की तपमान चढते आणि साधारण १४० अंशांच्या पुढे प्रथिने व शर्करा यांच्या संयोगातून तो तपकिरी रंग आणि भाजक्याचा वास झपाट्याने निर्माण होतो. म्हणून सॉसेज टोपलीत ठेवण्यापूर्वी ते स्वच्छ कागदाने टिपून कोरडे करणे, ही खरपूसपणाची पहिली पायरी आहे.

प्रत्यक्ष कृती

शीतकपाटातून काढलेले, पूर्ण वितळलेले आणि साधारण १०० ग्रॅम वजनाचे कच्चे ब्राटवुर्स्ट घेतल्यास यंत्र आधी तीन-चार मिनिटे १८० अंशांवर तापवून घ्यावे. सॉसेज एकाच थरात, एकमेकांना न चिकटता मांडावीत. टोपली भरगच्च भरली तर वाऱ्याला फिरायला जागा राहत नाही आणि भाजण्याऐवजी वाफवणे होते. एकूण वेळ १२ ते १५ मिनिटे. निम्म्या वेळेनंतर ती उलटावीत, कारण झोत वरून येत असल्याने खालची बाजू मागे पडते. बाहेरून तेल लावण्याची गरज नसते, आतली चरबीच पुरेशी होते. ही चरबी खालच्या भांड्यात पडून जळते आणि धूर करते. यंत्राच्या माहितीपुस्तिकेत मनाई नसेल तर त्या भांड्यात दोन-तीन चमचे पाणी घालून ठेवल्याने धूर आटोक्यात राहतो. सॉसेजला काट्याने भोके पाडण्याची सवय मात्र सोडावी. भोकांतून रस गळतो, आणि मंद आचेवर कातडी एरवीही सहसा फुटत नाही.

वेळेचा हिशेब जाडीवर अवलंबून असतो. बाहेरची उष्णता मध्यापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे जाडी दुप्पट झाली तर वेळ जवळजवळ चौपट. बोटाएवढी न्यूरेंबर्गी सॉसेज ७-८ मिनिटांत होतात ती यामुळेच. पाकिटावरचा एकच आकडा सर्व सॉसेजना लावणे म्हणून चुकीचे ठरते.

अधिक खात्रीचा मार्ग दोन टप्प्यांचा. सॉसेज आधी गॅसवरच्या गरम पाण्यात, पाणी उकळू न देता, दहा-बारा मिनिटे ठेवावीत. त्यामुळे आतले मांस हळूहळू शिजते आणि कातडी शाबूत राहते. मग टिपून कोरडी करून एअर फ्रायरमध्ये १९० ते २०० अंशांवर पाच-सहा मिनिटे रंग येऊ द्यावा. जेथे वीज मध्येच जाण्याची धास्ती असते, तेथे ही रीत विशेष सोयीची. शिजण्याचे काम गॅसवर आधीच उरकलेले असते. वीज गेलीच, तर सॉसेज लगेच तव्यावर परतून काम भागते.

रंगावर विश्वास नको

मटणाचा अख्खा तुकडा आणि खिमा यांत आरोग्याच्या दृष्टीने मोठा भेद आहे. अख्ख्या तुकड्यावर जंतू असतात ते बहुतांशी पृष्ठभागावर. बाहेरून नीट भाजले की ते मरतात. खिमा करताना मात्र पृष्ठभागावरचे आणि यंत्राच्या पात्याला लागलेले सारे काही आत मिसळते. त्यामुळे सॉसेजच्या मध्यभागी उष्णता पोहोचणे अनिवार्य ठरते. डुकराच्या किंवा शेळी-मेंढीच्या खिम्यासाठी मध्यभागी ७१ अंश आणि कोंबडीसाठी ७४ अंश, हे सर्वमान्य प्रमाण आहे. डुकराचे मांस कच्चे राहिल्यास त्यातील पट्टकृमीच्या अळ्या माणसाच्या आतड्यात वाढू शकतात. अशा रुग्णाच्या विष्ठेवाटे बाहेर पडलेली कृमीची अंडी अस्वच्छ हात, पाणी वा भाजीपाल्यातून कुणाच्याही पोटात गेली, तर मेंदूत गाठी होऊन अपस्माराचे झटके येऊ शकतात. म्हणजे एकाच्या ताटातला निष्काळजीपणा दुसऱ्याला भोवतो.

सॉसेज शिजले की नाही, हे रंगावरून ठरविता येत नाही. काही सॉसेजमध्ये मांस टिकविण्यासाठी घातलेल्या नायट्राइटमुळे पूर्ण शिजल्यावरही आतला रंग गुलाबीच राहतो; उलट काही वेळा जंतू मरण्यापूर्वीच मांस तपकिरी दिसू लागते. एअर फ्रायरमध्ये कातडी लवकर रंगते, त्यामुळे फसगत अधिक. काही शे रुपयांत मिळणारा सुईचा तापमापक सॉसेजच्या टोकातून लांबीच्या दिशेने मध्यापर्यंत घातला, की शंकेला जागा उरत नाही. हजारो रुपयांच्या यंत्राबरोबर ही लहानशी वस्तू घेणे अगत्याचे आहे.

पाकिटावरचा मजकूरही नीट वाचावा. दुकानात मिळणारी बरीच सॉसेज कारखान्यातच शिजविलेली असतात आणि त्यांना घरी केवळ गरम करून रंग आणायचा असतो. त्यांना ८ ते १० मिनिटे पुरतात. कच्च्या सॉसेजना एवढा वेळ दिला तर मध्य कच्चा राहण्याचा संभव असतो. पाकिटावर ‘शिजविलेले’ असे स्पष्ट लिहिलेले नसेल तर ते कच्चेच मानावे.

अडीचशे किलोमीटरचा प्रवास

पुणे ते बीड हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. एसटीने पाच-सहा तास सहज मोडतात. उन्हाळ्यात बसच्या टपावर किंवा आसनाखाली ठेवलेल्या डब्यातील गोठविलेले सॉसेज किती वेळ गोठलेले राहील, हा प्रश्न पाककृतीपेक्षाही महत्त्वाचा आहे. साधारण ५ ते ६० अंश या टप्प्यात जंतू वाढतात आणि अनुकूल उबेत काही जंतूंची संख्या वीस मिनिटांत दुप्पट होते. ३२ अंशांच्या वर हवा असताना कच्चे मांस एक तासाहून अधिक वेळ उघड्यावर ठेवू नये, असा नियम अन्नसुरक्षेचे जाणकार सांगतात. मे महिन्यात बीडला ही मर्यादा सकाळीच ओलांडली जाते.

येथे चान्या आणि सॉसेज यांतला खरा भेद दिसतो. चानीतले पाणी उडालेले असते, म्हणून जंतूंना वाढायला आधार राहत नाही. तिला वीज लागत नाही. ताजे ब्राटवुर्स्ट म्हणजे ओला खिमा. कारखान्यापासून ताटापर्यंत थंडाव्याची साखळी अखंड राहिली तरच ते सुरक्षित. ती साखळी कोठे तुटली याचा पत्ता चवीवरून वा वासावरून दर वेळी लागतोच असे नाही. शिवाय काही जंतू मागे ठेवतात ते विष शिजविल्यानेही नष्ट होत नाही. डब्यात बर्फाच्या पिशव्या भरपूर असाव्यात आणि घरी पोहोचल्यावर सॉसेज हाताला कडक व थंडगार लागले तरच ते ठेवावे. मऊ व कोमट झाले असेल तर पुन्हा गोठविण्याचा मोह टाळून सरळ फेकून द्यावे. गोठविलेले सॉसेज वितळवायचे तेही ओट्यावर नव्हे, शीतकपाटाच्या खालच्या खणात, रात्रभर.

याला पर्यायही हाताशी आहे. उस्मानाबादी शेळीचे मूळ क्षेत्र म्हणजे आताचा धाराशिव जिल्हा आणि त्याच्या आसपासचा मुलूख; बीड त्यातच मोडतो. ओळखीच्या खाटकाकडून डोळ्यांदेखत करून घेतलेला ताजा खिमा, त्यात मीठ, आले-लसूण, मिरे, थोडी चरबी आणि चांगले मळणे, एवढ्यावर कातडीविना सॉसेज वळता येते. ते तासभर शीतकपाटात घट्ट होऊ द्यावे, मग वरच्याच पद्धतीने भाजावे. तापमापकाचा आकडा येथेही ७१ हाच.

‘तेलविरहित’ची मर्यादा

एअर फ्रायरच्या जाहिराती तेल वाचविण्यावर भर देतात. बटाट्याच्या कापांबाबत त्यात तथ्य आहे. सॉसेजच्या बाबतीत चरबी बाहेरून येत नाही, ती आतच असते. पाव हिस्सा चरबी असलेल्या १०० ग्रॅमच्या सॉसेजमध्ये २५ ग्रॅम चरबी असते. त्यातली थोडी खाली गळते, बाकीची पोटात जाते. मिठाचे प्रमाणही कमी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेल्या मांसाचा समावेश कर्करोगकारक घटकांत केला. रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा तिचा अंदाज आहे. यंत्र बदलल्याने हे बदलत नाही. महिन्या-दोन महिन्यांतून चवीपुरते खाण्याचा हा पदार्थ आहे. रोजच्या डब्याचा नव्हे.

विजेचा खर्च मात्र फारसा नाही. १५०० वॅटचे यंत्र वीस मिनिटे सलग चालले तरी अर्धे युनिट लागते. घरातील साध्या इन्व्हर्टरवर मात्र ते चालविण्याच्या भानगडीत पडू नये. एवढा भार त्याला पेलवत नाही.

जर्मनीत ब्राटवुर्स्ट पावात घालून मोहरीच्या चटणीबरोबर खातात. बीडच्या ताटात त्याच्या शेजारी ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि बुक्कीने फोडलेला कांदा आला तर काही बिघडत नाही. खारट, चरबीयुक्त मांसाला भाकरीचा साधेपणा शोभूनच दिसतो. भाकरी मात्र चुलीवरच्या किंवा गॅसवरच्या आचेलाच फुगते. पेटीतल्या वाऱ्याला ते साधत नाही. गरम कोरड्या वाऱ्याने मांसाचे काय होते, हे या भागातल्या जुन्या पिढीला दोरीवरच्या चान्यांमुळे केव्हाच ठाऊक झाले होते. नव्या पेटीबरोबर नव्याने शिकायचे ते एवढेच, की ओल्या खिम्याला वारा फक्त वरून रंगवतो. आत काय झाले, ते सुई घालून पाहावे लागते.